मायकेल फॅरडे यांचे एकमार्गी जीवन

लंडन शहरात आल्बेमार्ल स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर रॉयल इन्स्टिट्यूशन ही विज्ञानसंस्था आहे. एकोणिसाव्या शतकात त्या इमारतीची मांडणी अशी होती की, तळघरात प्रयोगशाळा, मधल्या भागात व्याख्यानगृह व ग्रंथालय, आणि अगदी वर राहण्याच्या खोल्या. मायकेल फॅरडे यांच्या आयुष्याची सुमारे पंचेचाळीस वर्षे या एका इमारतीत गेली. सकाळी जिना उतरून खाली यावे, दिवसभर काम करावे आणि रात्री जिना चढून वर जावे, असा त्यांचा क्रम असे. ज्या जनित्रांवर आज आमच्या वर्गांतील दिवे आणि पंखे बहुतांशी विसंबून आहेत, त्यांचे मूळ तत्त्व त्याच तळघरात हाती लागले.

शास्त्राच्या पुस्तकात फॅरडे हे नाव एका नियमास जोडलेले असे विद्यार्थ्यांस भेटते आणि परीक्षा संपली की बहुधा विसरले जाते. तो नियम समजावून देणे हे आमच्या शास्त्रशिक्षकांचे काम; त्यांच्या शेतात आम्ही नांगर घालणार नाही. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते या पुरुषाच्या दिवसाविषयी. ज्यास शाळेत लिहिणे, वाचणे आणि थोडा हिशेब एवढेच मिळाले, उच्च गणित ज्यास जन्मभर परके राहिले, त्याच्या हातून एवढे कार्य झाले तरी कसे? अर्धे उत्तर त्याच्या बुद्धीत आहे, हे उघड आहे. उरलेले अर्धे असे की, इतर माणसे ज्या गोष्टी रोज नव्याने ठरवीत बसतात, त्या त्याने एकेकदाच ठरवून टाकल्या आणि मग त्यांच्याकडे वळून पाहिले नाही.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे झाला. बाप जेम्स फॅरडे लोहारकाम करी. पण त्याची प्रकृती वरचेवर बिघडे आणि भाता थंड राही. १८०१ च्या महागाईत घरची स्थिती इतकी हलाखीची झाली की, आई त्या मुलास एक पाव देई आणि त्यावर त्याने आठवडा काढावा अशी अपेक्षा असे. आमच्या पालकांपैकी ज्यांनी स्वतः असे दिवस पाहिले आहेत, त्यांस याचे अधिक वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. पुढे फॅरडे यांस साध्या राहणीची कधी लाज वाटली नाही, याचे एक कारण हेच असावे की, तिची भीती त्यांच्या मनातून लहानपणीच गेली होती.

१८०४ साली तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असल्यामुळे एकच प्रत अनेक घरी वाचावयास जाई. ती पोहोचविणे आणि पुन्हा गोळा करून आणणे हे या पोराचे काम. वर्षभरात मालकाने त्याची सचोटी पाहिली आणि फी न घेता त्यास पुस्तकबांधणीच्या धंद्यात सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतले. दिवसा तो जी पुस्तके बांधी, तीच रात्री उघडून वाची. ज्ञानकोशाचा एक खंड बांधावयास आला असता त्यातील विजेवरील लेखाने त्याचे मन धरले. जेन मार्सेट या विदुषीने रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तकही त्यास तेथेच भेटले. वाचलेले खरे की खोटे, हे तो पदरच्या चार पैशांत बसेल तेवढे साहित्य आणून स्वतः करून पाही.

याच सुमारास आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाचे मनाच्या सुधारणेविषयीचे एक पुस्तक त्याच्या हाती आले. टिपणवही बाळगावी, व्याख्याने ऐकावी, समान आवडीच्या मित्राशी पत्रव्यवहार ठेवावा, शब्दांचा उपयोग जपून करावा, अशा प्रकारचा उपदेश त्या पुस्तकात आहे. असला उपदेश आम्ही सर्वांनी वाचलेला असतो, आणि वाचून कपाटात ठेवलेला असतो. या मुलाने तो एखाद्या कारागिराने मापे घ्यावी तसा घेतला. टिपणवही सुरू झाली. जॉन टेटम यांच्या घरी भरणाऱ्या विज्ञानाच्या व्याख्यानांस तो जाऊ लागला. प्रत्येक व्याख्यानाची एक शिलिंग फी त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट देई. रॉबर्टही लोहारच होता. धाकट्याच्या विद्येसाठी घणाचे घाव घालणारा हा भाऊ चरित्रग्रंथांत दोन ओळींपलीकडे सहसा दिसत नाही, म्हणून त्याचे नाव आम्ही मुद्दाम येथे लिहितो.

१८१२ च्या वसंतात दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने मायकेलास सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या वेळी इंग्लंडातील रसायनशास्त्राचे मुकुटमणी. सज्ज्यात घड्याळाच्या वर बसून मायकेलने चार व्याख्याने टिपून घेतली, घरी येऊन ती सविस्तर लिहिली, आकृत्या काढल्या, आणि आपल्याच हाताने त्या सुमारे तीनशे पानांची नीट बांधणी केली. वर्षअखेरीस ते पुस्तक त्याने डेव्हींकडे पाठवून दिले. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतील मदतनिसास भांडणापायी काढून टाकावे लागले आणि १ मार्च १८१३ रोजी त्या जागी फॅरडे यांची नेमणूक झाली. आठवड्यास २५ शिलिंग पगार आणि इमारतीच्या माथ्यावर दोन खोल्या. यापुढे आम्हीही त्यांस एकवचनाने संबोधणार नाही.

त्याच वर्षी डेव्ही पत्नीसह युरोपच्या प्रवासास निघाले आणि फॅरडे यांस मदतनीस म्हणून त्यांनी बरोबर घेतले. ऐन वेळी डेव्हींचा खासगी नोकर येईना, तेव्हा ते कामही फॅरडे यांच्याच गळ्यात पडले. डेव्हींच्या पत्नीने त्यांस पदोपदी नोकराप्रमाणे वागविले. त्यांनी अपमान गिळला आणि दीड वर्षात पॅरिस, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स पाहून घेतले. मिलान येथे विद्युत्घटाचा जनक व्होल्टा यांचे दर्शन घेतले. त्यांस या प्रवासात आणखी एक गोष्ट दिसली असेल, असे आम्हांस वाटते. धनी आणि मानी लोकांच्या घरी गुरुजींचा किती वेळ जातो, ती ही गोष्ट. डेव्हींवर अन्याय होऊ नये. खाणकामगारांचे प्राण वाचविणारा दिवा त्यांनी या प्रवासाहून परतल्यावरच, १८१५ साली, बनविला. पण पुढे अध्यक्षपदे, मेजवान्या आणि मानापमान यांत त्यांची वर्षे गेली, आणि १८२९ साली पन्नाशीतच ते वारले. शिष्याने गुरूपासून रसायन शिकून घेतले. गुरूचा दिनक्रम मात्र उचलला नाही.

फॅरडे यांचा विवाह १२ जून १८२१ रोजी सारा बर्नार्ड हिच्याशी झाला. त्यापूर्वी या तरुणाने आपल्या वहीत प्रेमाच्या विरुद्ध कविता लिहिली होती, आणि साराच्या भावामुळे ती तिच्या कानी गेली होती! पुढे साहेबांचा बेत बदलला आणि सारा समुद्रकाठी रॅम्सगेट येथे गेली असता तेही तिच्या पाठोपाठ तेथे जाऊन पोहोचले. लग्नाविषयी त्यांची एक इच्छा होती : त्या दिवशी गडबड, गोंगाट, धावपळ काही नको, तो दिवस इतर कोणत्याही दिवसासारखाच जावा. आमच्याकडील लग्नघरे डोळ्यांपुढे आणून ही इच्छा वाचावी, म्हणजे तिचे नवल कळेल. नवे जोडपे रॉयल इन्स्टिट्यूशनच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. पुढे संस्था त्यांस वर्षास शंभर पौंड, राहण्यास जागा, कोळसा आणि मेणबत्त्या देई, आणि दीर्घकाळ तेवढ्यावरच त्यांची तक्रार नसे.

आरंभीची दहा वर्षे मात्र त्यांचा दिवस त्यांच्या ताब्यात नव्हता. पोलादाच्या मिश्रधातूंवर काम झाले. त्यात आपल्या देशातून गेलेल्या ‘वूट्झ’ नामक पोलादाचे पृथक्करणही १८१९ साली झाले. १८२५ साली तेलापासून मिळणाऱ्या वायूच्या गाळातून त्यांनी बेंझीन वेगळे काढले. न्यायालयांत साक्षी, कारखान्यांची पृथक्करणे, औषधांची परीक्षा, जो येईल त्याचे काम चालू असे. त्यातच रॉयल सोसायटीच्या एका समितीने दुर्बिणीसाठी उत्तम काच बनविण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. भट्टी पेटली ती जवळजवळ पाच वर्षे. १८२१ मध्येच त्यांनी विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखविली होती. त्याअर्थी चुंबकाच्या जोरावर वीज का निर्माण होऊ नये, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून होता. पण त्यास अधूनमधून एखादा दिवस मिळे, आणि एका दिवसात तो प्रश्न बोलत नसे.

१८३१ च्या उन्हाळ्यात त्यांनी रॉयल सोसायटीस लिहून काचेच्या कामातून आपली सुटका मागून घेतली. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी मऊ लोखंडाचे सुमारे सहा इंच व्यासाचे एक कडे घेतले. त्याच्या एका अंगास तांब्याच्या तारेची एक गुंडाळी आणि दुसऱ्या अंगास दुसरी गुंडाळी, एकीचा दुसरीस कोठेही स्पर्श नाही. पहिली गुंडाळी विद्युत्घटास जोडताच दुसरीजवळची चुंबकसूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. घट तोडताच ती पुन्हा हलली. प्रवाह एकसारखा चालू असता काहीच होत नाही. तो सुरू होताना आणि बंद होतानाच सूची हलते, ही या शोधातील खरी खोच होती. जो डोळा दुसऱ्या कामाच्या चिंतेने भरलेला असतो, त्यास सूचीचा तो निमिषमात्र कंप दिसला असता की नाही, कोण सांगणार? ऑक्टोबरात त्यांनी गुंडाळीत चुंबक आतबाहेर करून वीज उत्पन्न केली आणि मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची चकती फिरवून अखंड प्रवाह मिळविला. २४ नोव्हेंबर रोजी हे सर्व रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आले. दहा वर्षे रेंगाळलेले काम तीन महिन्यांत उरकले.

आता खरी परीक्षा आली. ती पैशाची होती. त्यांचे सहकारी टिंडल यांनी पुढे त्यांच्या हिशेबाच्या वह्या पाहून ठेवल्या आहेत, म्हणून आपणांस आकडे ठाऊक आहेत. १८३१ साली बाहेरच्या व्यावसायिक कामातून त्यांस हजार पौंडांहून अधिक प्राप्ती झाली होती, म्हणजे संस्थेच्या वेतनाच्या दसपट. थोडा हात पुढे केला असता तर तीच प्राप्ती पाच हजारांवर जाती, असा टिंडल यांचा अंदाज. १८३२ साली ती १५५ पौंड झाली, १८३७ साली ९२ आणि १८३८ साली शून्य. गिऱ्हाइके त्यांस सोडून गेली नव्हती. त्यांनीच गिऱ्हाइकांस सोडले होते. हे वाचून एखादा पालक मान हलवील, आणि त्यास आम्ही दोष देणार नाही. ज्याच्या घरी चार मुले शिकावयाची आहेत, त्याने हजार पौंड नाकारणे हा शहाणपणा ठरेलच असे नाही. फॅरडे यांस मूलबाळ नव्हते, डोक्यावर संस्थेचे छप्पर होते. परंतु त्यांच्यासारखी स्थिती असलेली पुष्कळ माणसे होती आणि आहेत. त्यांपैकी किती जणांनी असे केले, हेही पाहावे.

पैशाचा प्रश्न एकदा मिटल्यावर इतर प्रश्न सोपे झाले. हळूहळू त्यांनी मेजवानीची आमंत्रणे घेणे थांबविले; एखाददुसरा अपवाद सोडला तर सर्वांस एकच उत्तर जाऊ लागले, त्यामुळे कोणास वाईट वाटण्याचे कारणही उरले नाही. आठवड्यातील तीन दिवस कोणीही भेटावयास येऊ नये, असा नियम झाला. १८२७ मध्येच लंडन विद्यापीठाने प्राध्यापकाची जागा देऊ केली होती; ती त्यांनी नाकारली होती. ‘सर’ ही पदवी त्यांनी घेतली नाही. ज्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदासाठी मोठमोठे लोक झुरतात, ते पद आणून दिले असता तेही घेतले नाही, आणि १८६४ साली स्वतःच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे अध्यक्षपदही घेतले नाही. मात्र देशोदेशींच्या विद्वत्संस्थांनी पाठविलेली मानपत्रे ते आनंदाने घेत आणि सूची करून व्यवस्थित बाडात ठेवीत. त्यांत सभा नव्हती, मतदान नव्हते, वेळ जात नव्हता. विरक्ती म्हणजे आनंदाचा तिटकारा, अशी त्यांची समजूत नव्हती.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कित्येकांची संध्याकाळ आम्ही पाहतो. आधी भूमिती घ्यावी की इतिहास, मित्राकडे जाऊन अभ्यास करावा की घरी, जुनी वही चालवावी की नवी आणावी, या वाटाघाटीत दिवेलागण होते. पुस्तक उघडते तेव्हा मन आधीच थकलेले असते. थकवा अभ्यासाचा नसून निवडण्याचा असतो. फॅरडे यांच्या प्रयोगशाळेत हा थकवा शिरू नये म्हणून लहानसहान गोष्टींचाही बंदोबस्त होता. १८२७ साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक कृतींविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी शाई, लेखणी आणि टिपणवही प्रयोगशाळेत कोठे व कशी असावी हे देखील सांगितले आहे. दिसले ते त्याच क्षणी लिहावे, मागाहून आठवून नव्हे, असा त्यांचा आग्रह. बाटल्यांस चिठ्ठ्या, हत्यारांस ठरलेली जागा. उपकरण शोधण्यात ज्याचा वेळ जातो, त्याचा विचार तुटतो, हे त्यांनी पुस्तकबांधणीच्या बाकावरच शिकून घेतले असावे. सुईदोरा नेमक्या जागी नसेल तर बांधणी पुढे सरकत नाही.

या वह्यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८३२ च्या ऑगस्टपासून त्यांनी आपल्या प्रयोगवहीतील प्रत्येक परिच्छेदास क्रमांक देण्यास आरंभ केला. नवे वर्ष आले, नवा विषय आला, तरी क्रमांक मोडला नाही. शेवटचा क्रमांक १६०४१ आहे. कोणती नोंद कोणत्या वहीत, कोणत्या सदराखाली घालावी, हा प्रश्नच उरला नाही. पुढचा आकडा घालावयाचा आणि लिहावयाचे. मागील एखाद्या प्रयोगाचा संदर्भ हवा असला की आकडा लिहिला म्हणजे झाले. फसलेला प्रयोगही त्याच मालिकेत, त्याच अक्षरात. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचा संबंध शोधण्यासाठी त्यांनी केलेले प्रयोग निष्फळ ठरले. तेही तेथे यथासांग आहेत. १९३२ ते १९३६ या वर्षांत ही दैनंदिनी सात खंडांत छापली गेली.

येथे एक गोष्ट न सांगता पुढे गेलो तर चित्र खोटे होईल. फॅरडे यांनी जे निर्णय आपल्या माथ्यावरून उतरविले, ते सगळेच हवेत विरून गेले नाहीत. काही दुसऱ्या कोणाच्या माथ्यावर गेले. घर चालविणे, पाहुणे थोपविणे, पतीस खाण्याची आणि विसाव्याची आठवण करणे, भाच्यांचा सांभाळ, हे सर्व साराबाईंकडे होते. त्यांस विज्ञानात गती नव्हती आणि तसा आव त्यांनी आणला नाही. पतीच्या मनास विसावा मिळेल असे घर ठेवणे हे आपले काम, असे त्या मानीत. प्रयोगशाळेत अँडरसन नावाचे तोफखान्यातील निवृत्त सार्जंट होते. काचेच्या भट्टीसाठी ते आले आणि १८६६ मध्ये मरेपर्यंत राहिले. एका रात्री फॅरडे त्यांस घरी जा म्हणून सांगावयास विसरले, तर सकाळपर्यंत ते भट्टीत कोळसा घालीत उभे होते, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट अँडरसन यांच्या आज्ञाधारकपणाची म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती वाचताना फॅरडे यांच्या विसराळूपणाचीही वाटते. ज्या घरात एकजण एकचित्ताने अभ्यासास बसतो, त्या घरात कोणीतरी चुलीकडे लक्ष ठेवून असतो.

नकार हा त्यांचा स्वभाव होता असे मात्र कोणी समजू नये. १८३६ पासून ते ट्रिनिटी हाउस या दीपगृहांच्या मंडळाचे सल्लागार होते, वर्षास २०० पौंडांवर, आणि या कामासाठी साठी उलटल्यावरही बर्फातून दीपगृहे तपासावयास जात. खलाशांचे प्राण ज्यावर अवलंबून आहेत, ते काम त्यांनी टाळले नाही. दर नाताळात मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांच्या तर त्यांनी एकोणीस माला दिल्या. मोठ्यांच्या मेजवानीस ज्यांस वेळ नसे, त्यांस पोरांपुढे मेणबत्ती पेटवून ती कशी जळते हे सांगण्यास वेळ असे. व्याख्यानात आपण भरभर बोलतो हे ध्यानी आल्यावर सावकाश बोलण्याची आठवण देणारे एक पत्र ते समोर ठेववीत. सरकारी वेतनाचीही एक कथा आहे. १८३५ साली पंतप्रधान लॉर्ड मेल्बर्न यांनी शास्त्रज्ञांस द्यावयाच्या अशा वेतनांविषयी हलका शब्द वापरला, तेव्हा फॅरडे तडक उठून आले आणि वेतन नको म्हणून कळविले. मेल्बर्न यांनी चूक कबूल केल्यावरच वर्षास ३०० पौंडांचे ते वेतन त्यांनी स्वीकारले.

हे सर्व कोठून आले, याचा शोध घेणाऱ्यास त्यांच्या मंडळीकडे जावे लागते. फॅरडे यांचे घराणे सँडमेनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीतील. तेथे पगारी पाळक नसत; वडील म्हणून निवडलेले सभासदच उपदेश करीत. संपत्तीचा साठा करणे प्रभूच्या शिकवणीविरुद्ध आहे, असे ते अक्षरशः मानीत. लग्नानंतर महिन्याभरात फॅरडे यांनी मंडळीपुढे आपल्या विश्वासाची कबुली दिली. तेव्हापासून रविवार आणि बुधवारची संध्याकाळ कोणाची, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यातून संपला. १८४० साली ते वडील झाले. १८४४ मध्ये मात्र त्याच मंडळीने त्यांस काही आठवड्यांसाठी बाहेर ठेवले. राणीच्या मेजवानीसाठी एक रविवार चुकविल्याबद्दल ही शिक्षा झाली, अशी कथा पुष्कळ वर्षे चालत आली. पण कागदपत्रे पाहता त्याच वेळी इतरही अनेक सभासद बाहेर गेले होते, म्हणजे वाद मंडळीतला होता आणि मेजवानीची कथा टिकत नाही. फॅरडे यांस यामुळे फार क्लेश झाले. मे महिन्यात ते पुन्हा आत आले, परंतु वडिलाचे पद त्यांस १८६० पर्यंत परत मिळाले नाही. ज्याने आपले सारे बंध तोडून एकच ठेवला, त्याचा तो एक ताणला गेला म्हणजे किती दुखते, हे या प्रसंगी दिसते. तरी त्यांनी दुसरी मंडळी शोधली नाही.

त्यापूर्वीच शरीराने त्यांस इशारा दिला होता. १८३९ च्या सुमारास चक्कर, डोकेदुखी आणि विस्मरण यांनी त्यांस गाठले. इतका नेमस्त माणूसही कामाच्या बाबतीत नेमस्त नव्हता. वैद्यांनी काम बंद करविले. १८४१ चा उन्हाळा सारा व त्यांचा भाऊ यांच्यासह स्वित्झर्लंडमध्ये गेला. बुद्धी थकली होती, पण पाय थकले नव्हते. एके दिवशी डोंगरातील घाट ओलांडून ते साडेदहा तासांत ४५ मैल चालले! मधली कित्येक वर्षे मोठा शोध झाला नाही. स्मरणशक्ती पूर्ववत कधीच झाली नाही. आपण हे पूर्वी केले होते काय, असा संशय आला की ते वहीतील क्रमांकांकडे जात. ज्या सवयी तरुणपणी वेळ वाचविण्यासाठी लावून घेतल्या, त्यांनीच उतारवयात स्मृतीची जागा भरून काढली.

१८४५ साली ते पुन्हा उभे राहिले. प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो काय, हे ते तपासू लागले. हवा झाली, निरनिराळ्या काचा झाल्या, स्फटिक झाले, काही दिसेना. १३ सप्टेंबरला त्यांनी शिशाचे प्रमाण भरपूर असलेल्या जड काचेचा एक तुकडा घेतला आणि तिच्यातून जाणाऱ्या ध्रुवीभूत प्रकाशाची पातळी चुंबकाने फिरली. हा तुकडा कोठून आला होता? ज्या पाच वर्षांच्या भट्टीपासून त्यांनी सुटका मागून घेतली होती, त्याच भट्टीतून. वाया गेलेली म्हणून आपण जी वर्षे मोजतो, त्यांचा हिशेब नेहमी आपल्याच हाती असतो असे नाही. नोव्हेंबरात त्याच काचेने त्यांस प्रतिचुंबकत्वाचे दार उघडून दिले.

चुंबकाभोवतीच्या अवकाशात बलरेषा पसरलेल्या असतात, ही त्यांची कल्पना गणितज्ञांस दीर्घकाळ बाळबोध वाटली. क्लार्क मॅक्सवेल या तरुणाने १८५५-५६ मध्ये ती गणिताच्या भाषेत मांडण्यास प्रारंभ केला, तेव्हा वृद्ध फॅरडे यांनी त्यास लिहून विचारले की, गणिताने काढलेले निष्कर्ष साध्या भाषेत सांगता येणार नाहीत काय, म्हणजे आमच्यासारख्यांस त्यावर प्रयोग करता येतील.

१८५८ साली राणी व्हिक्टोरिया यांनी हॅम्प्टन कोर्टजवळचे एक घर त्यांस राहण्यास दिले. घर मोठे, त्याची डागडुजी आपणांस परवडेल काय, या विचाराने ते घ्यावे की नाही असा त्यांस प्रश्न पडला. तो खर्च राणीनेच केला. मग एकेक काम ते स्वतःच खाली ठेवू लागले. मुलांची शेवटची व्याख्यानमाला १८६०-६१ च्या नाताळात झाली आणि तिचा विषय मेणबत्ती हाच होता. शुक्रवारचे शेवटचे व्याख्यान २० जून १८६२ रोजी झाले. त्यानंतर ट्रिनिटी हाउसचे काम सुटले, मंडळीतील वडिलाचे पद सुटले. शेवटी शेवटी ते खिडकीशी बसून सूर्यास्त पाहत असत.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी अभ्यासिकेतील खुर्चीत बसल्या जागी त्यांचा प्राण गेला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये थोरामोठ्यांच्या शेजारी जागा मिळाली असती. परंतु साधे दफन आणि साधा दगड हेही त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. लंडनमधील हायगेटच्या दफनभूमीत मोजक्या माणसांच्या उपस्थितीत त्यांस पुरण्यात आले. दगडावर त्यांचे नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा कोरण्यात आल्या. बारा वर्षांनी, १८७९ साली, साराबाई वारल्या आणि त्यांसही तेथेच पुरण्यात आले.